ममत्वाचे मोल : आखाडा, कथा आणि पणाला लावलेला जीव

१

साहित्यविचाराला वाहिलेल्या नियतकालिकात दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या एका खेळाची चर्चा करावी काय, हा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर खेळाच्या लोकप्रियतेत शोधू नये. लोकप्रियता ही समाजशास्त्रज्ञाच्या आस्थेची बाब असते. समीक्षकाला ती फार तर निमित्त पुरवते. खरे कारण असे की, मराठी समीक्षेला दीर्घकाळ छळणारा एक प्रश्न या खेळात अनपेक्षितपणे नेमक्या रूपात समोर येतो. कलाव्यवहार नीतीच्या कक्षेत येतो की त्याचे जग स्वायत्त असते, हा तो प्रश्न. फडके-खांडेकर वादात तो 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' अशा ढोबळ स्वरूपात मांडला गेला. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात त्याला तात्त्विक शिस्त आणली आणि लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये आपला कलाविचार सतत खेचला जात असतो, हे दाखवून दिले. मात्र हा सारा विचार ज्या कलाव्यवहाराच्या आधारे झाला त्यात आस्वादक हा पाहणारा, वाचणारा किंवा ऐकणारा होता. रससिद्धान्ताचा सहृदयही प्रेक्षकच आहे. भट्टनायक-अभिनवगुप्तांच्या साधारणीकरणाच्या कल्पनेत भाव व्यक्तिनिरपेक्ष होतो; तो कोणाचा, हा प्रश्न गळून पडतो, आणि म्हणूनच दुःखाचाही आस्वाद शक्य होतो.

खेळणाऱ्याच्या बाबतीत हा प्रश्न गळून पडत नाही. तो निर्णय घेतो, आज्ञा देतो आणि परिणामाची जबाबदारी 'मी हरलो', 'मी जिंकलो' अशा प्रथमपुरुषी वाक्यांत स्वतःकडे घेतो. सहृदयाच्या जागी कर्ता आला की कलानुभवाची नीती कशी बदलते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी निवडलेली कृती म्हणजे 'पोकेमॉन स्टेडियम २'. निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या 'निन्टेन्डो ६४' या कन्सोलसाठी ती जपानमध्ये डिसेंबर २००० मध्ये व अमेरिकेत मार्च २००१ मध्ये प्रसिद्ध केली.

२

ही कृती एक उत्तरभाग आहे, आणि तेही दुहेरी अर्थाने. एक तर आधीच्या 'पोकेमॉन स्टेडियम'चा तो पुढचा भाग आहे. परंतु अधिक महत्त्वाच्या अर्थाने तो हातात मावणाऱ्या 'गेम बॉय' या यंत्रावरील कथात्मक खेळांचा उत्तरभाग आहे. या मालिकेचे जनक सातोशी ताजिरी यांचे बालपण टोकियोजवळच्या माचिदा या उपनगरात गेले. तेथील ओढे, शेते आणि झाडी यांत किडे गोळा करण्याचा त्यांना छंद होता. शहर वाढत गेले तशी ती झाडी नाहीशी झाली. हरवलेला हा छंद त्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या दोन खेळांत नव्याने उभा केला. एक लहान मुलगा घरून निघतो, गवतात, गुहांत, पाण्यात राहणारे विचित्र प्राणी पकडतो, त्यांना वाढवतो आणि इतर पालकांच्या प्राण्यांशी लढवतो, अशी ही कथा. १९९९ च्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या खेळांत प्राण्यांची संख्या २५१ झाली.

'स्टेडियम २' मध्ये या कथेतील प्रवास नाही. मुलगा नाही, त्याची आई नाही, गाव नाही, गवत नाही. आहे तो केवळ आखाडा. कन्सोलच्या नियंत्रकाला एक जोडयंत्र बसवायचे, त्यात गेम बॉयची कॅसेट खोचायची, की आपण महिनोन्‌महिने वाढवलेले प्राणी दूरचित्रवाणीच्या पडद्यावर त्रिमिती आकारांत अवतरतात. सहा प्राण्यांचा संघ न्यायचा, समोरच्याचा संघ पाहून त्यातले तीन उतरवायचे, आणि निवेदकाच्या आवेशपूर्ण धावत्या वर्णनाच्या साथीने झुंज लावायची. ज्याच्यापाशी स्वतःचे प्राणी नाहीत त्याला खेळ भाड्याने प्राणी देतो. झुंजीखेरीज एक शिकवणीवर्ग आहे, काही किरकोळ गंमतखेळ आहेत. परंतु कृतीचा गाभा झुंजीचाच.

आपल्याकडे हे कन्सोल मध्यमवर्गीय घरांतून सर्रास आले असे नव्हे. पुण्या-मुंबईच्या मुलांना या प्राण्यांची ओळख झाली ती मुख्यतः २००३ पासून कार्टून नेटवर्कवर दिसू लागलेल्या मालिकेतून. त्या पिढीतील अनेक जण आज विद्यापीठीय वर्गांत शिकवत किंवा शिकत आहेत. त्यांनी हा उत्तरभाग खेळला असो वा नसो, त्यातील प्राण्यांवरचे ममत्व त्यांना परिचित आहे. या ममत्वाचे आखाड्यात काय होते, हाच आपला प्रश्न आहे.

३

रूपवादी समीक्षक या कृतीचे स्वागत करील. कथेचा, भावुकतेचा आणि बोधाचा पसारा दूर सारून येथे शुद्ध रचना शिल्लक ठेवली आहे, असे तो म्हणेल. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्राण्यांचे सतरा प्रकार आहेत आणि त्यांच्यात बलाबलाचे एक जाळे विणलेले आहे : पाणी अग्नीला भारी, अग्नी वनस्पतीला, वनस्पती पाण्याला. कोणीही सर्वांना भारी नाही. प्रत्येक चाल म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या संभाव्य चालीचा अंदाज. मर्ढेकरांनी सौंदर्यरचनेत ज्या संवादलय, विरोधलय व समतोललय या तीन तत्त्वांचा शोध घेतला, त्यांचा प्रत्यय एका चांगल्या झुंजीत येऊ शकतो. सहांतून तीन निवडण्याचा नियमच पाहावा : काय उतरवले याइतकेच काय राखून ठेवले यालाही येथे अर्थ असतो. अशा दृष्टीने पाहिल्यास प्राणी हे बुद्धिबळातील हत्तीघोड्यांसारखे ठरतात. आणि प्यादे मारले म्हणून कोणी हळहळत नाही.

परंतु हे वर्णन पुरेसे नाही, आणि त्याचा पुरावा कृतीतच आहे. बुद्धिबळाचा घोडा कोणी घरून वाढवून आणत नाही. 'स्टेडियम २' ची सारी योजना खेळणाऱ्याने आपला प्राणी दुसऱ्या एका कथेतून येथे आणावा या अपेक्षेवर आधारलेली आहे. तो प्राणी केव्हा सापडला, त्याला नाव काय ठेवले, कोणत्या झुंजीत तो थोडक्यात वाचला, हे सारे खेळणाऱ्याच्या स्मरणात असते. आखाडा ही स्मृती गृहीत धरतो, तिच्यावर जगतो, आणि स्वतः मात्र ती सांगत नाही. तेव्हा ही कृती स्वायत्त आहे असे म्हणणे म्हणजे दत्तक दिलेल्या मुलाला जन्मच नव्हता असे म्हणण्यासारखे आहे. रूपवाद येथे चुकतो तो रूपाच्या वर्णनात नव्हे. रूपाला द्रव्य कोठून पुरवले गेले याचा हिशेब तो ठेवत नाही, ही त्याची चूक आहे.

४

हा हिशेब ठेवण्यासाठी एका तपशिलाकडे जवळून पाहावे लागेल. 'गोल्ड' व 'सिल्व्हर' या खेळांत प्रत्येक प्राण्याच्या मनात पालकाविषयी असलेली जवळीक एका गुप्त अंकाने नोंदलेली असते. हा अंक शून्य ते २५५ यांच्या दरम्यान असतो व तो पडद्यावर कधी दाखवला जात नाही. प्राण्यासोबत चालत राहिले, त्याचे केस कापून घेतले, की तो वाढतो. प्राणी झुंजीत मूर्च्छित पडला की घटतो. भूमिगत बाजारात स्वस्त वनौषधी मिळतात. त्या गुणकारी आहेत पण कडू, आणि त्या पाजल्या की प्राण्याची माया कमी होते. काटकसर आणि माया यांतील हा लहानसा पेच ज्याने रचला त्याला घरसंसाराचे ज्ञान होते, असे म्हणावेसे वाटते.

आता या अंकाचा उपयोग पाहू. 'रिटर्न' नावाचा एक प्रहार आहे. प्राण्याची माया जितकी अधिक तितका तो जबर. अंकाला अडीचने भागून त्याचे बळ ठरते, म्हणजे ते जास्तीत जास्त १०२ होते. त्याच्याच जोडीला 'फ्रस्ट्रेशन' नावाचा दुसरा प्रहार आहे. त्याचे गणित उलट. प्राणी पालकाचा जितका तिरस्कार करील तितका हा प्रहार प्रभावी, आणि त्याचीही कमाल मर्यादा १०२ च. प्रेमाने जोपासलेला प्राणी आणि छळून चिडवलेला प्राणी समोरासमोर उभे केले तर आखाड्यात दोघांच्या घावांचे मोल एकच आहे. प्रतिस्पर्ध्याला फरक जाणवणार नाही, निवेदकाला कळणार नाही, निकालपत्रकावर त्याची खूण राहणार नाही.

माझ्या मते या कृतीविषयी सांगण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आखाडा भाव ओळखत नाही. भावाचे बळात रूपांतर झाल्यानंतरच तो त्याची नोंद घेतो. आणि एकदा रूपांतर झाले की मूळ भाव कोणता होता हे उलट मागे जाऊन सांगता येत नाही. विजय हा ममत्वाचा पुरावा होऊ शकत नाही, कारण तोच विजय क्रौर्यानेही मिळवता येतो.

कथेत मात्र हा फरक दिसतो. 'गोल्ड' व 'सिल्व्हर'मध्ये नायकाचा एक प्रतिस्पर्धी आहे. त्याने आपला पहिला प्राणी चोरलेला असतो. दुबळ्या प्राण्यांचा तो तिरस्कार करतो आणि सामर्थ्याखेरीज काही मानत नाही. वारंवार हरल्यावर त्याला आपल्या वागण्यातील न्यून कळते. त्याच्या बदलाचा पुरावा कोणी उच्चारून सांगत नाही. शेवटच्या भेटींत त्याच्याजवळचा वटवाघळासारखा प्राणी ज्या पुढच्या रूपात दिसतो, ते रूप केवळ पालकावर माया जडल्यानेच लाभते. कथनाची ही रीत एखाद्या कसलेल्या कथाकाराला शोभेल अशी आहे. हाच प्रतिस्पर्धी 'स्टेडियम २' मध्ये अखेरचे आव्हान म्हणून पुन्हा उभा राहतो, तेव्हा त्याच्या संघात अतिबलाढ्य म्हणून ख्यात असलेले प्राणी असतात. त्याने काय शिकले होते याचा मागमूस नाही. आखाड्याला त्याचे सामर्थ्य दाखवायचे आहे. त्याचा पश्चात्ताप दाखवण्याचे साधन आखाड्याजवळ नाही.

५

ममत्वाच्या प्रश्नामागे दुसरा, अधिक जुना प्रश्न उभा आहे. झुंज एकाने लावायची आणि झुंजायचे दुसऱ्याने, ही रचनाच नैतिकदृष्ट्या अस्वस्थ करणारी आहे. पुण्याच्या पेठांतून अजून जुन्या तालमी आहेत. तेथील पैलवान स्वतःचे शरीर पणाला लावतो. वस्तादाचे शब्द कितीही कडक असले तरी लाल मातीत उतरण्याचा निर्णय पैलवानाचा असतो. पोकेमॉनचा 'प्रशिक्षक' वस्तादासारखा दिसतो, पण तो वस्ताद नव्हे. त्याचा पैलवान 'नाही' म्हणू शकत नाही. खरे तर एका प्रसंगी म्हणू शकतो : दुसऱ्या खेळाडूकडून अदलाबदलीत आलेला बलवान प्राणी, नव्या पालकाजवळ पुरेशी पदके नसतील तर आज्ञा मोडतो. परंतु पदके मिळाली की अवज्ञा संपते. म्हणजे तेथेही प्राण्याची इच्छा नसून पालकाच्या अधिकारपत्राची तपासणी आहे.

पणाला लावला गेलेला जीव आणि पण लावणारा यांच्यातील संबंधाचा सर्वांत तीक्ष्ण विचार आपल्या परंपरेत द्यूतसभेत झाला आहे. द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न वरकरणी कायद्याचा आहे : स्वतःला आधी हरलेल्या युधिष्ठिराला मला पणाला लावण्याचा अधिकार उरला होता काय? इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये द्रौपदीच्या या कायदेशीर पवित्र्याची कठोर चिकित्सा केली आहे. त्या चिकित्सेशी सहमत असो वा नसो, एक गोष्ट निर्विवाद आहे : प्रश्न विचारला गेला, आणि विचारणारी व्यक्ती पणाला लावलेलीच होती. भीष्मांना उत्तर सुचले नाही, याचा अर्थ द्यूताच्या नियमांत त्या प्रश्नाला जागा नव्हती. आखाड्यातील प्राण्याजवळ असा प्रश्न विचारण्याची वाणीच नाही. म्हणून तो कोणीतरी त्याच्या वतीने विचारावा लागतो.

याच मालिकेने तो पुढे स्वतःहून विचारला, हे नमूद केले पाहिजे. २०१० च्या 'ब्लॅक' व 'व्हाइट' या खेळांत 'एन' नावाचा एक तरुण आहे. त्याला प्राण्यांचे बोलणे समजते, आणि प्राण्यांना माणसांपासून मुक्त करावे असा त्याचा आग्रह आहे. खेळ त्याला खलनायक ठरवून मोकळा होत नाही. पण अखेरीस उत्तर मिळते ते असे की, प्राण्यांना माणसांसोबत राहणे आवडते. नायकाच्या प्राण्याने तसे एनला सांगितलेले असते. २०१२ मध्ये पेटा या प्राणिहक्क संघटनेने या खेळांचे विडंबन करणारा एक खेळ प्रसिद्ध केला व त्यात प्राण्यांना मालकांविरुद्ध उठवले. उद्वेग समजण्याजोगा असला तरी तर्क फसला होता. काल्पनिक प्राण्याला काय आवडते हे ठरवण्याचा अधिकार लेखकाचा असतो. लेखकाने 'त्यांना झुंज आवडते' असे लिहिले की त्या जगात ते खरे असते. प्राणी मरत नाहीत, केवळ मूर्च्छित होतात, हेही ताजिरींनी जाणीवपूर्वक ठरवले होते. कथेत संमती लिहिता येते. म्हणूनच काल्पनिक झुंजीत कोणावरही अन्याय होत नाही, आणि खेळणाऱ्या मुलाला क्रूर म्हणण्याचे कारण नाही.

प्राण्यांशी क्रूर वागणारा माणूस माणसांशीही कठोर होतो, असा इशारा कांटने आपल्या नीतिविषयक व्याख्यानांत दिला आणि त्यासाठी हॉगार्थच्या क्रौर्यविषयक चित्रमालिकेचा दाखला दिला. काल्पनिक प्राण्यांपर्यंत हा युक्तिवाद ताणण्याचा मोह होतो. परंतु तसे करण्यासाठी पडद्यावरील सवय जीवनात उतरते, हे आधी सिद्ध करावे लागेल. प्रस्तुत विवेचन त्या गृहीतकावर उभे नाही. माझी चिंता सवयीची नसून युक्तिवादाची आहे : कथेत वैध असलेले एक वाक्य कथेबाहेर नेले जाते, तेव्हा काय होते?

६

ते पाहण्यासाठी पुण्याहून फार लांब जावे लागत नाही. पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी ओलांडली की चाकण, मंचर, नारायणगाव या पट्ट्यात गावोगावच्या यात्रांतून बैलगाडा शर्यतीचे घाट आहेत. येथे झुंज नाही, धाव आहे. राक्षस नाहीत, खिल्लार बैल आहेत. तरीही रचना तीच : वाढवणारा एक, पणाला लागणारा दुसरा, आणि मध्ये एक मोजमाप. आखाड्यातील बळाची जागा येथे सेकंदांनी घेतली आहे. गाडामालक बैलाला स्वतःच्या घासातले खाऊ घालतो, त्याला घरच्या नावाने हाक मारतो, तो गेला तर घरात सुतक असल्यासारखे वातावरण असते. हे सारे खोटे मानण्याचे मला कारण दिसत नाही. शहरी वाचकाने या ममत्वाकडे उपहासाने पाहू नये. शेताच्या कामातून यंत्राने बैल हद्दपार केल्यावर खोंड वाढवण्याला जे थोडे प्रयोजन उरले, त्यात शर्यत हे एक आहे.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींवरही बंदी आणली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. या नऊ वर्षांत सार्वजनिक चर्चेत जे दोन युक्तिवाद सर्वाधिक ऐकू आले ते आपल्याला आता ओळखीचे वाटतील. पहिला : 'आम्ही बैलाला पोटच्या पोरासारखे सांभाळतो.' दुसरा : 'बैलाला धावायला आवडते.'

पहिला युक्तिवाद ममत्वाचा आहे. तो खरा असू शकतो. पण घाटात तो दिसत नाही. मायेने पोसलेला बैल आणि पराणीच्या धाकाने पळणारा बैल एकाच वेळेत घाट चढू शकतात. घड्याळाजवळ १०२ या आकड्याखेरीज दुसरे काही नाही. म्हणून जिंकलेल्या बारीकडे बोट दाखवून 'पाहा आमचे प्रेम' असे म्हणणे तर्कदृष्ट्या पोकळ ठरते. आणि तितक्याच न्यायाने, शर्यत लावतो म्हणजे तो निर्दयच, हा आरोपही पोकळ ठरतो. शर्यतीच्या नियमांत काठी, चाबूक, टोचणी यांना मनाई असते ती याचसाठी. कायद्याने येथे शहाणपणा दाखवला आहे : मालकाच्या हृदयात काय आहे ते तो विचारत नाही, बैलाच्या पाठीवर काय पडले ते विचारतो.

दुसरा युक्तिवाद संमतीचा आहे, आणि येथेच कथेतील वाक्य कथेबाहेर आले आहे. 'त्यांना आवडते' हे वाक्य एनच्या कथेत लेखकाच्या अधिकाराने सत्य होते. घाटाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बैलाच्या बाबतीत असा लेखक नाही. त्याच्या वतीने ते उच्चारणारा प्रत्येक माणूस, नकळत, स्वतःकडे कथाकाराचा अधिकार घेतो. मूक जिवाची संमती लिहिता येत नाही. फार तर त्याच्या शरीरावरील खुणांतून त्याची असंमती वाचता येते. २०१४ च्या निकालाने हे वाचन केले होते. बैल हा शर्यतीसाठी घडलेला प्राणी नव्हे, असे त्या न्यायालयाने त्याच्या शरीररचनेकडे पाहून म्हटले. २०२३ च्या निकालाने बदललेल्या कायद्यामुळे प्रथेचे स्वरूप बदलले, ही राज्यांची भूमिका मान्य केली. कोणता निकाल योग्य, याचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. एवढे मात्र म्हणता येईल की, वादाचा खरा मुद्दा वाचनाचा आहे, आणि वाचन हा समीक्षेचा प्रांत आहे.

क्लिफर्ड गिअर्ट्झ यांनी बालीतील कोंबड्यांच्या झुंजीवरील १९७२ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे वाचन केले होते. कोंबडे केवळ वरकरणी झुंजतात, खरी झुंज माणसांची असते. ती झुंज म्हणजे बालीतील लोकांनी स्वतःविषयी स्वतःला सांगितलेली गोष्ट आहे, असा त्यांचा निष्कर्ष. निबंध अप्रतिम आहे. पण त्यातही एक जागा रिकामी राहते. मालक ज्या कोंबड्याला न्हाऊमाखू घालतो, तासन्‌तास मांडीवर घेऊन बसतो, तो हरल्यावर जिंकणाऱ्याच्या घरी शिजवला जातो. माणसांनी स्वतःला सांगितलेल्या गोष्टीत कोंबडा हे केवळ लिपीचे अक्षर होऊन जाते. संस्कृतीचे संहिता म्हणून वाचन करताना ती संहिता कोणाच्या कातड्यावर लिहिली आहे हे विसरले जाऊ शकते, हा धोका त्या निबंधापासून आपण शिकावा.

७

येथे एक आक्षेप संभवतो. काल्पनिक झुंजीत कोणावरही अन्याय होत नाही असे एकदा मान्य केल्यावर 'स्टेडियम २' विषयी नैतिक विधान करण्यास जागा उरते काय? उरते, पण ते विधान प्राण्याविषयी नसून खेळणाऱ्याच्या कारणांविषयी असेल. आपण एखाद्याची जोपासना का करतो, या प्रश्नाची दोन उत्तरे संभवतात : तो बलवान व्हावा म्हणून, किंवा तो आपला आहे म्हणून. कथेत ही दोन उत्तरे वेगळी राहतात. 'गोल्ड' व 'सिल्व्हर'च्या शेवटाकडे करेन नावाची एक निष्णात लढवय्यी भेटते. बलवान आणि दुबळे हे भेद लोकांच्या स्वार्थी नजरेतले असून खऱ्या कुशल माणसाने आपल्या आवडत्या प्राण्यांसह जिंकण्याचा यत्न करावा, असे ती सुचवते. अनेक खेळाडू, हरण्याची शक्यता पत्करून, एखाद्या दुबळ्या पण लाडक्या प्राण्याला संघात जागा देतात. गणिताच्या दृष्टीने हा निर्णय चुकीचा आहे. परंतु संपूर्ण खेळात ममत्व जर कोठे स्वतःच्या रूपात प्रकट होत असेल तर ते या गणिती चुकीत होते. बळात रूपांतर होऊ न शकलेला मायेचा जो अवशेष राहतो, तोच तिचा विश्वसनीय पुरावा.

गुरू-शिष्य, आई-बाप आणि मुले, संस्था आणि तिच्यात राबणारे लोक यांच्याविषयीही हे खरे आहे. परीक्षेच्या निकालावरून शिक्षकाच्या मायेचे अनुमान करणारा पालक, आणि मुलाच्या गुणपत्रिकेत आपल्या वात्सल्याची पावती शोधणारा बाप, हे दोघेही आखाड्याचे तर्कशास्त्र वापरत असतात. धाकानेही तेच गुण मिळतात. ते मूल नापास झाले असते तर तुम्ही त्याच्याशी कसे वागला असता, हा प्रश्न गुणपत्रिका विचारू शकत नाही. तो कथा विचारते. कथात्म साहित्याचे नैतिक कार्य बोध करण्यात आहे, असे मानणारा लौकिकतावाद अपुरा आहे. पण मोजमापाला न दिसणारी कारणे दृश्य करणे हे त्याचे कार्य आहे, असे म्हटल्यास पाटणकरांच्या दोन्ही ध्रुवांना काही न्याय मिळेल असे वाटते. अशा वेळी रूप हे नीतीचे आच्छादन राहत नाही. कारणे दिसू शकतील किंवा झाकली जातील, हे रूपच ठरवते.

या दृष्टीने 'स्टेडियम २' चे मूल्यमापन दुहेरी होईल. कथा वगळल्याने ही कृती नैतिकदृष्ट्या निर्मळ झाली नाही; ती आंधळी झाली. पण आपला आंधळेपणा तिने लपवलाही नाही. प्रेम आणि तिरस्कार यांना समान कमाल मर्यादा देणाऱ्या गणिताला मोठ्या पडद्यावर, निवेदकाच्या जयघोषात नेऊन तिने आखाडा म्हणजे काय हे स्वच्छ दाखवले. बोधवादी कथेला हा प्रामाणिकपणा साधला नसता.

या कृतीचा पुढचा इतिहासही लक्षणीय आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निन्टेन्डोने आपल्या 'स्विच' यंत्राच्या सभासदांसाठी ती पुन्हा उपलब्ध केली. त्या आवृत्तीत कॅसेट खोचण्याची सोय नाही. घरून वाढवलेला प्राणी आणता येत नाही. सर्व प्राणी भाड्याचे. रचना तीच, नियम तेच, निवेदकाचा आवाजही तोच. ज्या द्रव्यावर आखाडा जगत होता ते मात्र बंद झाले. रूपवाद्याला हवी असलेली शुद्ध कृती आता खरोखर हाती आली आहे, आणि ती किती रोडावलेली आहे हेही आता पाहता येते.

आणि मूळचे ते प्राणी? गेम बॉयच्या त्या कॅसेटमध्ये एक छोटी बॅटरी असते. खेळातील स्मृती तिच्या आधाराने टिकते, आणि 'गोल्ड' व 'सिल्व्हर'मध्ये खेळातले घड्याळही तीच चालवते. वीस-पंचवीस वर्षांत अशा अनेक बॅटऱ्या संपल्या. त्यांच्याबरोबर मूर्च्छित होणारे पण कधी न मरणारे ते प्राणी, त्यांची ठेवलेली नावे आणि त्यांच्या मनातील तो गुप्त अंक, सारे पुसले गेले. कुठल्या तरी जुन्या कपाटात अशी कॅसेट सापडल्यावर एखादा प्रौढ माणूस क्षणभर हळहळतो. या हळहळीला कोणत्याही आखाड्यात किंमत नाही. त्या प्राण्यावर त्याची माया होती, एवढेच तिच्यावरून कळते.